घरपट्टीची सवलत: राहणाऱ्याला की अर्ज भरणाऱ्याला?

पुण्यात सोसायटीच्या वार्षिक सभेत घरपट्टीचा विषय निघाला, की पार्किंगची भांडणेसुद्धा थांबतात आणि एकच प्रश्न फिरू लागतो: "तुमचे चाळीस टक्के लागले का?" कुणाचे लागलेले असतात, कुणाचे मध्येच गेलेले असतात, कुणाला आपले कधी होते हेच ठाऊक नसते. एकाच जिन्यातल्या, सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन सदनिकांची बिले वेगवेगळी निघतात आणि दोन्ही बिले नियमात बसतात.

पुण्याची घरपट्टी जास्त की रास्त, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला एवढेच म्हणायचे आहे की स्वतःच्या घरात राहणाऱ्याला सवलत द्यायची ठरली असेल, तर ती महापालिकेने आपणहून लावावी आणि तिचा हिशोब उघड मांडावा. आज ती अर्ज करणाऱ्याला मिळते.

१. आधी आकडा पाहू. घराचे क्षेत्रफळ आणि त्या भागासाठी ठरवलेला भाड्याचा दर यांवरून महापालिका वर्षाचे अपेक्षित भाडे काढते. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी ठरावीक टक्के वजा होतात. उरते ती वार्षिक करपात्र रक्कम. समजा, भाडे ६०,००० रुपये धरले. दुरुस्तीचे १० टक्के गेले, राहिले ५४,०००. मालक स्वतः राहत असेल तर त्यातून ४० टक्के आणखी गेले, राहिले ३२,४००. म्हणजे सवलत हुकलेल्या घराची करपात्र रक्कम शेजारच्या घरापेक्षा दोन तृतीयांशाने जास्त. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, पथ कर, शिक्षण कर अशी बिलावर जी लांबलचक रांग असते ती याच रकमेच्या मागे उभी आहे. पेन्शनीत चालणाऱ्या घराला हा फरक महिन्याच्या किराण्याइतका जाणवतो. 'चाळीस टक्के' हा शब्द पुणेकर एवढ्या पोटतिडकीने का उच्चारतो, ते यावरून कळावे.

२. ही सवलत कालपरवाची नाही. १९७० साली महापालिकेच्या मुख्य सभेने ठराव करून ती दिली. शिवाय कायद्यात दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट असताना पुण्याने १५ टक्के दिली. चार दशके कुणी त्यावर हरकत घेतली नाही. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की याला कायद्याचा आधारच नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला. नव्याने कर आकारणी होणाऱ्या घरांना पूर्ण बिले येऊ लागली आणि जुन्यांच्या डोक्यावर मागच्या फरकाच्या वसुलीची भीती बसली. २०२३ च्या, पुण्यातल्या कसबा विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत हा विषय प्रचारात गाजला. वर्षानुवर्षे भाजपकडे असलेली ती जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जिंकली. निकाल मार्चमध्ये लागला आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत आणली, मागची वसुलीही माफ केली. दुरुस्तीची वजावट मात्र १५ वरून १० टक्क्यांवर आली. दोन तारखांमधला संबंध ज्याचा त्याने लावावा. मला त्यातून एवढेच दिसते की जी सवलत पोटनिवडणुकीने येते, ती एखाद्या लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने जाऊही शकते. तिला कायद्यात पक्की जागा हवी.

३. आता मूळ दुखणे. निर्णय झाला, पेढे वाटले गेले, आणि मग कळले की १ एप्रिल २०१९ नंतर ज्यांची आकारणी झाली किंवा महापालिकेच्या सर्वेक्षणानंतर ज्यांची सवलत काढली गेली, त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा आहे. सोबत सोसायटीचे ना हरकत पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसचे कार्ड, शिधापत्रिका यांपैकी पुरावा. वर २५ रुपये शुल्क. मुदत नोव्हेंबर २०२३. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात कुणाची अडचण होते ते पाहा.

वडील वारले, बिल अजून त्यांच्याच नावावर. घरात आई राहते. मुलगी नाशिकला, मुलगा न्यू जर्सीला. नाव चढवायचे तर वारसांच्या सह्या लागतात, आणि सह्यांवाचून वर्ष जाते. आईच्या आधार कार्डावर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता, गॅसचे कार्ड वडिलांच्या नावाचे. ती बाई त्या घरात रोज चूल पेटवते, पण कागदावर ती तिथे राहत नाही. शिवाय ती थंडीत चार महिने मुलाकडे जाऊन आली आणि नेमका तेव्हाच सर्वेक्षणवाला दारात उभा राहिला, तर कुलूप पाहून तो काय नोंद करणार? सोसायटीचे पत्र मागावे तर सचिवांशी देखभाल शुल्कावरून वाद चालू. ते म्हणणार, आधी थकबाकी भरा. महापालिकेच्या सवलतीची किल्ली अशी सचिवांच्या खिशात जाते.

उलट ज्याचा चार्टर्ड अकाउंटंट आहे, ज्याच्या ओळखीचा कुणीतरी क्षेत्रीय कार्यालयात आहे, त्याचा अर्ज पहिल्या आठवड्यात दाखल होतो. अर्जावर चालणारी सवलत अशी नेहमीच वरच्या मजल्यावर आधी पोचते.

हे सगळे टाळता येण्याजोगे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. या करारांची नोंदणी ऑनलाइन होते. म्हणजे कोणते घर भाड्याने दिले आहे, याची यादी सरकारच्याच एका खात्याकडे पडून आहे. त्या खात्याने ती कर आकारणी विभागाला द्यावी. करार नोंदलेला असेल तिथे सवलत थांबवावी, बाकी सगळ्या निवासी घरांना ती आपोआप लावावी. कुणी करार न नोंदता भाडे खात असेल तर त्याला शोधावे, दंड करावा. काही चोर निसटतील म्हणून लाखो सज्जनांना रांगेत उभे करण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

४. तारखेचा प्रश्न वेगळा, आणि पुनर्विकासाच्या या लाटेत तो वाढत जाणार आहे. चाळीस वर्षे त्याच जागी राहणारे सभासद इमारत पाडतात, तीन वर्षे भाड्याने राहतात, आणि नव्या इमारतीत परत येतात. पोस्टमन तोच, बहुतेक शेजारी तेच. महापालिकेच्या वहीत मात्र ही 'नवी मिळकत' असते. जुनी आकारणी जुन्या दराने झालेली होती आणि पुढे वाढलेली नव्हती. नवी आजच्या दराने होते. त्यामुळे घरपट्टी कित्येक पटींनी चढते, आणि वर सवलतीचा अर्जही नव्याने करायचा. रस्त्यापलीकडच्या, पुनर्विकास न झालेल्या इमारतीतला माणूस अजून किरकोळ रक्कम भरतो. दोघेही तोच रस्ता, तोच टँकर आणि तीच कचरागाडी वापरतात. चाळीस टक्क्यांच्या गदारोळात ही मूळची विषमता कुणी बोलत नाही, कारण जुन्या दरावरचे मतदार पुष्कळ आहेत.

५. मुंबईने दुसरा रस्ता धरला. तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरशी जोडलेल्या बाजारभावावर कर बसतो. ५०० चौरस फूट चटई क्षेत्रापर्यंतच्या घरांना माफीचे आश्वासन होते. २०१९ मध्ये त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे कर बिलात तसेच राहिले. 'माफी'नंतरही हातात बिल पडल्यावर लोकांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. अखेर १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण माफी लागू झाली.

चांगली गोष्ट ही की मुंबईत अर्जाचा घोळ फारसा नाही, कारण क्षेत्रफळ पालिकेच्या नोंदीत असतेच. पण ५०० फुटांची ही रेषा कड्यासारखी आहे. ४९९ फुटांना शून्य, ५०५ फुटांना अख्खे बिल. परळ-लालबागच्या जुन्या चाळकऱ्याला पुनर्विकासात थोडी मोठी खोली मिळाली की माफी गेली. आणि अट फक्त क्षेत्रफळाची असल्याने गुंतवणूक म्हणून घेतलेल्या छोट्या सदनिकाही तिच्यात बसतात.

पुण्यात नेमके उलटे. इथे अट राहण्याची आहे, आकाराची नाही. दोन खोल्यांच्या घराला ४० टक्के आणि बागेसकट बंगल्यालाही ४० टक्के. रुपयांत मोजले तर बंगल्याला सवलत कैक पटींनी जास्त मिळते. माझे मत विचाराल तर दोन्ही अटी एकत्र आणाव्यात: एका कुटुंबाच्या एकाच राहत्या घराला, आणि तेही ठरावीक चटई क्षेत्रापर्यंत. हजार फुटांची मर्यादा घातली, तर दीड हजार फुटांच्या घराला पहिल्या हजार फुटांवर सवलत मिळावी, पुढच्या पाचशेंवर पूर्ण आकारणी व्हावी. मग कडा राहत नाही.

६. उशिराचा दर दोन्ही बाजूंना सारखा असावा. पुण्यात घरपट्टी थकली की महिन्याला २ टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला २४. सावकारही विचार करेल. सवलत नाकारल्यामुळे ज्यांनी जादा भरले त्यांची रक्कम पुढच्या बिलांतून वळती करताना त्यांच्या पैशालाही हाच दर लावा. तेवढा दर परवडत नसेल, तर नागरिकालाही तो परवडत नाही हे मान्य करून दंड खाली आणा.

७. अभय योजनांबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये पुण्यात थकबाकीदारांना दंडात ८० टक्के माफी मिळाली. साथीच्या वर्षात ते समजण्यासारखे होते. पण अशा योजना पुन्हा पुन्हा निघाल्या, की मे महिन्यात रांग लावून पाच-दहा टक्के सवलतीत समाधान मानणारा माणूस बावळट ठरतो आणि पुढच्या वर्षी तोही थांबून पाहतो.

८. "सवलती वाटल्या तर रस्ते कशातून करायचे?" हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. जकात गेली, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. महापालिकांना राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळते, पण ज्याचा दर आपल्या हातात आहे असे मोठे उत्पन्न म्हणजे घरपट्टीच. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करण्याची आणि वसुली वाढवण्याची अट घातली. तेव्हा फुकटची माफी कुठेच नसते. एकाने न भरलेले दुसरा भरतो, किंवा रस्ता होत नाही.

पण मग हेही पाहा की वसुलीची ओरड नेमकी कुठे होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायतीची नमुना ८ वरची घरपट्टी भरणाऱ्यांना शहराच्या दराची बिले गेली, आणि पाणी मात्र टँकरचेच राहिले. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे शेवटी महापालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद झाली. त्यामागे तिथल्या कचरा डेपोचा प्रश्न होता तसा करही होता. लोक कर द्यायला नाही म्हणत नव्हते. नळाच्या आधी बिल आले, याचा राग होता.

९. ठरवतो कोण, हेही विचारले पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे कराचे दर मुख्य सभेने दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. सवलतीचा निर्णय २०२३ मध्ये झाला तेव्हा पुण्यात मुख्य सभाच नव्हती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि तेव्हापासून सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. आमच्या गल्लीच्या कराचा निर्णय मंत्रालयाच्या मजल्यावर झाला, आणि आभाराचे फलक मात्र गल्लीत लागले. सवलतीची चौकट राज्याने कायद्यात बसवून द्यावी. टक्के किती आणि मर्यादा किती, हे शहराने दरवर्षी, उघड्या सभेत, अंदाजपत्रकासमोर ठरवावे. पुढच्या वेळी कुणी उमेदवार दारात आला तर गटाराच्या झाकणाबरोबर हेही विचारायला हरकत नाही.

१०. एक मागणी मात्र कायदा न बदलता, येत्या एप्रिलच्या बिलापासून पुरी करता येईल. बिलाच्या वरच्या कोपऱ्यात तीन ओळी ठळक छापा: या मिळकतीची नोंद स्वतः राहण्यासाठी की भाड्याची, सवलत नसती तर कर किती झाला असता, आणि नोंद चुकीची असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या क्षेत्रीय कार्यालयात सांगायचे. गेल्या वर्षीची नोंद बदलली असेल तर का बदलली, ते चौथ्या ओळीत. आज हे शोधायला बिल उताणे-पालथे करून शेवटी मुलाला संकेतस्थळ उघडायला सांगावे लागते, आणि तो ऑफिसातून येईपर्यंत ३१ मे उलटून जातो.