मेंदूतली मोटार

मुकुंदवाडीत नळाला पाणी येतं त्या दिवशी फ्लुइड डायनॅमिक्स फुकटात शिकायला मिळतं. गल्लीत कुणी नळाला थेट मोटार जोडली की शेवटच्या घरातली बादली कोरडी. मोटार अचानक बंद झाली की त्याच घरात एकदम जोरात धार!

मेंदूतल्या एव्हीएमचं बरंचसं असंच असतं. एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून शिरेत उतरतं आणि वाटेत त्याचा दाब कमी होतो. एव्हीएममध्ये हे जाळंच नसतं. धमन्या आणि शिरा एका गुंत्यात थेट जोडलेल्या. अडथळा कमी, म्हणून रक्त तिकडेच धावतं. शिरेवर तिला न पेलणारा दाब येतो, आणि शेजारच्या भागाला कधीकधी रक्त कमी पडतं.

आपण सॉफ्टवेअरवाले लगेच म्हणणार, "बग सापडला ना? मग काढून टाका!"

थांबा मंडळी. शेजारच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं कमी दाबाला सरावून रुंदावलेल्या असतात. मोठा गुंता एकदम बंद केला तर तो सगळा दाब त्यांच्यावर येऊन सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. स्पेट्झलर आणि सहकाऱ्यांनी हे १९७८ सालीच मांडलं होतं.

आता आकडे बघू. न फुटलेल्या एव्हीएमवरची 'अरुबा' ही चाचणी ९ देशांत झाली. २०१३ मध्ये तिच्यात नवे पेशंट घेणं थांबवावं लागलं. सरासरी ३३ महिन्यांत, फक्त लक्षणांवर औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांना स्ट्रोक किंवा मृत्यू आला. ऑपरेशन, एम्बोलायझेशन किंवा रेडिएशनच्या गटात हेच प्रमाण सुमारे ३१ टक्के!

म्हणजे ऑपरेशन नकोच? तसंही नाही. अठ्ठावीस वर्षांच्या माणसापुढे ३३ महिने नाही, पन्नास वर्षं असतात, आणि फुटण्याची जोखीम दरवर्षी साचत जाते. शिवाय एकदा फुटलेल्या एव्हीएमची गोष्टच वेगळी, तिथे पुन्हा फुटायची भीती जास्त.

माझं मत सरळ आहे. एमआरआयचा रिपोर्ट बघून घाबरून हो म्हणू नका, आणि "काही होत नाही" म्हणून फाईल कपाटातही टाकू नका. गुंता केवढा, मेंदूच्या कुठल्या भागात, त्याच्या शिरा कुठे उतरतात, हे विचारा. उपचाराची जोखीम आणि उरलेल्या आयुष्याची जोखीम, दोन्ही आकडे डॉक्टरांकडून शेजारी शेजारी लिहून घ्या. न फुटलेल्या एव्हीएममध्ये दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला बहुतेक वेळा सवड असते. ती वापरा.

मात्र अचानक असह्य डोकं दुखलं, फिट आली किंवा हातपाय लुळे पडले, तर गणित बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.