दहा खेळाडू मावत नव्हते, म्हणून दोघांचा गेम केला!



मागच्या व्हिडिओखाली एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं: "सर, भांडवल जमलं की सुरू करतो." यावर माझं मत आज स्पष्ट सांगतो. पण आधी एका जुन्या व्हिडिओ गेमची गोष्ट.

साल १९७८. अमेरिकेत अटारी कंपनीचं एक गेम मशीन होतं, घरच्या टीव्हीला जोडायचं. त्याची मेमरी किती? फक्त १२८ बाइट! अख्खा गेम २ केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा 'गुड मॉर्निंग'चा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यात चिपमध्ये खेळाडूंसाठी आकृत्या दोनच. आणि ॲलन मिलर या प्रोग्रामरनं हाती घेतला बास्केटबॉल, ज्यात मैदानावर दहा जण असतात!

मोठं मशीन येईपर्यंत तो थांबला नाही. त्यानं आठ खेळाडू कमी केले. उरले दोघं, समोरासमोर. मॅच ४ मिनिटांची, जॉयस्टिकला बटण एकच. पण जे ठेवलं ते नीट केलं. मैदानाच्या कडा तिरप्या काढल्या, त्यामुळे सपाट पडद्यावर खोली दिसायला लागली. घरी जोडीदार नसेल तर मशीन स्वतः तुमच्याविरुद्ध खेळायचं. बरं, दोघांनीच एका बास्केटवर खेळणं हे तिथल्या पोरांना काही नवीन नव्हतं.

आता आपलं बघू. मी स्वतः ही चूक केलीय. माझ्या पहिल्या स्नॅक्स सेंटरमध्ये २२ पदार्थ होते, मेनू कार्ड एकदम चकचकीत. गिऱ्हाईक मागायचं वडापाव आणि चहा. बाकीचा माल रोज रात्री फेकायचो. सात महिन्यांत शटर खाली. बायकोच्या गहाण ठेवलेल्या बांगड्या सोडवायला पुढं दोन वर्षं लागली.

म्हणून सांगतो, बऱ्याचदा भांडवल कमी नसतं, आपली यादी लांब असते. काही धंद्यांत मशीनशिवाय पाऊलच टाकता येत नाही, तिथं कर्ज काढावं लागेल, मान्य. पण डबे, मसाले, शिवणकाम, क्लासेस? तिथं दोन खेळाडूंवर सुरुवात होते.

एक लक्षात ठेवा, काटछाट म्हणजे हलका माल नव्हे. मिलरनं आठ खेळाडू काढले, बॉल आणि बास्केट काढलं नाही. चव, वजन, स्वच्छता, वेळ यांना कात्री लावायची नाही.

आज रात्री वही घ्या. तुमच्या धंद्याची पूर्ण यादी लिहा. प्रत्येक ओळीपुढं एकच प्रश्न: हे नसेल तर गिऱ्हाईक माघारी जाईल का? उत्तर 'नाही' आलं, की ती ओळ खोडा. शेवटी काय उरलं आणि त्याला किती पैसे लागतात, ते कमेंटमध्ये लिहा. मी वाचतोय.