पाळण्याची किंमत

घरात नवे बाळ येणार अशी चाहूल लागली, की आनंदाच्या पाठोपाठ खर्चाची चिंताही उंबरठा ओलांडून आत येते. बेंगळूरुसारख्या महानगरात ती अधिकच जाणवते. तयार कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरील मजूर, छोट्या दुकानांतील नोकर यांचा बराचसा पगार घरभाडे, धान्य आणि प्रवास यांतच संपतो. तरीही दुकानातला चकचकीत पाळणा पाहिला, की 'आपल्या लेकराला काही कमी पडू नये' या भावनेने तो हप्त्यांवर घेतला जातो. विकत आणणे म्हणजे प्रेम आणि घरी बनवणे म्हणजे गरिबी, असे समीकरण रूढ होऊ पाहत आहे. ते कितपत खरे आहे, याचा विचार व्हायला हवा.

आपल्या परंपरेत बाळाची पहिली वस्त्रे जुन्या कापडाचीच असत. त्यामागे केवळ काटकसर नव्हती. वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होते, घाम टिपते आणि नाजूक त्वचेला टोचत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्यातून मीटरभर लांबीची आठ दुपटी सहज निघतात. उरलेल्या तुकड्यांतून टोपडे, लाळेरे आणि झबलेही होते. महाराष्ट्रात जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तिलाच उत्तर कर्नाटकात कौदी म्हणतात. नाव बदलले तरी टाका तोच आणि मायाही तीच.

शिवाय बाळाच्या गरजा अल्पकालीन असतात. साधारण पाच-सहा महिन्यांचे मूल हातांवर आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठू लागले, की छोटा पाळणा त्याच्यासाठी सुरक्षित राहत नाही. ज्या वस्तूचे आयुष्य जेमतेम सहा महिने, तिच्यासाठी वर्षभर हप्ते फेडणे कोणत्या हिशोबात बसते? तोच पैसा बाळंतिणीच्या आहारासाठी किंवा आजारपणासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

मात्र घरी केलेली प्रत्येक वस्तू आपोआप चांगली ठरते, असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. प्रेमाला ज्ञानाची जोड नसेल, तर ते बाळाच्या जिवावर बेतू शकते. पाळण्याच्या कठड्याच्या दोन पट्ट्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक असू नये. अन्यथा बाळाचे अंग त्यातून घसरून डोके अडकण्याचा धोका असतो. कारखान्यांतून निघणाऱ्या खोक्यांच्या पाइन लाकडाच्या फळ्या स्वस्त पडतात; परंतु त्यांवरील शिक्का पाहूनच त्या घ्याव्यात. 'एच. टी.' अशी अक्षरे असतील, तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, 'एम. बी.' असेल, तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड बाळाच्या वस्तूंसाठी वापरू नये. घरात उरलेल्या जुन्या डब्यांतील रंगही वापरू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात 2016 मध्ये झाला. त्यापूर्वीच्या रंगांची खात्री देता येत नाही. बाळ कठडा चाटते आणि शिसे त्याच्या वाढत्या मेंदूला अपाय करते.

काही जुन्या सवयीही तपासून घ्याव्या लागतील. झोळी सोयीची खरी. पण तिच्यात बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा होऊ शकतो. म्हणून बाळाला सपाट, घट्ट बिछान्यावर उताणे निजवावे, जवळ उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. गोधडी अंगाखाली ताणून अंथरावी. तोंडावर येईल अशी पांघरू नये.

जे घरी जमत नाही, ते जाणत्या कारागिराकडून घ्यावे. बेंगळूरुहून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे साठ किलोमीटरांवर चन्नपट्टण हे गाव लागते. तेथील लाकडी खेळण्यांची कला टिपू सुलतानाच्या आश्रयाने वाढली, असे परंपरा सांगते. वाळवलेले हलके, पांढरे लाकूड चरकावर फिरवून त्याला आकार देतात. मग रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. हळदीचा पिवळा, निळीचा निळा असे वनस्पतिजन्य रंगही तेथे वापरले जातात. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणीही अशीच नावाजलेली आहेत. असा खुळखुळा किंवा पांगुळगाडा घेताना कारागिराच्या श्रमाचे मोल द्यावे. त्याचबरोबर रंग कोणता, सुटे भाग निघतात काय, हेही विचारावे. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर मानकचिन्ह सक्तीचे झाले. पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून तेथे ग्राहकाने स्वतः चौकशी करणे हाच उपाय उरतो.

दिवसभर राबणाऱ्या आईला शिवणटिपण करायला वेळ कोठून मिळणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यच आहे. परंतु हे काम एकट्या आईचेच का मानावे? बापाने पाळण्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, आजीने दुपटी शिवावीत, शेजारणीने आपल्या मुलाचा वापरून झालेला पाळणा तपासून द्यावा. अशा रीतीने खर्च तर वाटला जातोच, पण बाळाच्या स्वागतात सारे घर सामील होते.

पाळण्याची किंमत बाळाला कळत नाही. त्याला कळते ती ऊब आणि आधार. त्याच्या सुरक्षिततेची काळजी वाहणे हे मोठ्यांचे काम. जो पालक आपल्या हातांनी आणि डोळसपणे ही तिन्ही देतो, त्याने बाळाला काही कमी दिले, असे कोण म्हणेल?