निर्वासितांचा गरुड, बंदराची दंतकथा

29 मे ही तारीख ग्रीक मनाला विसरता येत नाही. 1453 साली याच दिवशी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले आणि बायझंटाईन साम्राज्याचा अस्त झाला. 2024 साली त्याच तारखेच्या रात्री अथेन्समधील नेआ फिलाडेल्फिया या वस्तीतील ‘आयिया सोफिया’ नावाच्या क्रीडांगणावर ऑलिम्पियाकोस संघाने इटलीच्या फिओरेन्तिनाचा 1-0 असा पराभव करून युरोपीय कॉन्फरन्स लीगचा करंडक जिंकला. गोल झाला 116 व्या मिनिटाला, मोरोक्कोच्या अयूब एल काबीकडून. युरोपीय स्पर्धेतील करंडक कोणत्याही ग्रीक क्लबच्या हाती लागण्याचा तो पहिलाच प्रसंग.

ग्रीक फुटबॉल म्हटले की आपल्याकडील क्रीडारसिकांना 2004 मधील लिस्बनचा अंतिम सामना आठवतो. ओटो रेहागेल यांच्या शिस्तबद्ध ग्रीक संघाने यजमान पोर्तुगालला त्याच्याच राजधानीत नमविले आणि गोमंतकातील पुष्कळांच्या जिवाला ते लागले. परंतु तो राष्ट्रीय संघाचा पराक्रम होता. ग्रीस देशाचा विसाव्या शतकातील इतिहास वाचावयाचा असेल, तर तो तेथील क्लबांच्या बोधचिन्हांवर वाचावा, असे आमचे मत आहे.

1922 साली आशिया मायनरमध्ये ग्रीक सैन्याचा दारुण पराभव झाला आणि स्मर्ना शहर आगीत भस्मसात झाले. 1923 च्या लोझान करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली. निकष भाषेचा नव्हे, धर्माचा. ज्यांना ग्रीक धड बोलता येत नव्हते असे तुर्कीभाषी ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणले गेले आणि क्रीट बेटावरील ग्रीकभाषी मुसलमान तुर्कस्तानात पाठविले गेले. मुत्सद्द्यांनी टेबलावर आखलेल्या अशा रेघांचा हिशेब कोणाला चुकवावा लागतो, हे 1947 पाहिलेल्या देशाला सांगण्याची आवश्यकता नाही. सुमारे 12 लाख निर्वासित त्या छोट्या देशात येऊन पडले. स्थानिकांनी त्यांचे स्वागत हार घालून केले असे मुळीच नाही. ‘तुर्कांची बीजे’ म्हणून त्यांची हेटाळणीच झाली.

या लोकांनी उभे केलेले क्लब आजही नाव गाजवून आहेत. 1924 साली अथेन्समध्ये स्थापन झालेल्या एईकेच्या नावातच कॉन्स्टँटिनोपल आहे. रंग पिवळा आणि काळा, चिन्ह बायझंटियमचा दुमुखी गरुड. 1926 साली थेसालोनिकीत निघालेल्या पाओकचाही गरुड दुमुखीच, पण त्याचे पंख मिटलेले. गमावलेल्या भूमीचे सुतक तो पाळतो आहे, असे त्याचे चाहते सांगतात. पानिओनिओस हा क्लब तर 1890 मध्ये स्मर्नातच जन्मला आणि आपल्या माणसांबरोबर परागंदा होऊन अथेन्सच्या ‘नव्या स्मर्ना’त येऊन राहिला. घर, दुकान, देऊळ मागे राहिले. क्लब मात्र बरोबर आला. कलकत्त्यातील ईस्ट बंगालच्या तांबड्या-पिवळ्या झेंड्याखाली फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित ज्या ओढीने गोळा झाले, तिचीच ही ग्रीक भावंडे.

पानाथिनाइकोसची कुळकथा वेगळी. 1908 साली योर्गोस कालाफातिस यांनी काढलेला, हिरव्या त्रिदळाचे चिन्ह मिरविणारा हा क्लब राजधानीच्या प्रतिष्ठितांचा मानला गेला. 1971 साली हंगेरीचा थोर खेळाडू फेरेंक पुश्काश याच्या मार्गदर्शनाखाली या संघाने असा पराक्रम केला, की त्याची बरोबरी आजवर एकाही ग्रीक क्लबला साधलेली नाही. उपांत्य फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारकडून 4-1 असा मार खाऊन परतलेल्या या संघाने अथेन्समध्ये 3-0 अशी परतफेड केली आणि परक्या मैदानावरील एका गोलाच्या बळावर युरोपियन कपचा अंतिम सामना गाठला. वेम्ब्लीवर आयॅक्सने त्यांना 2-0 ने हरविले. मिमिस दोमाझोस त्यांचा कर्णधार होता. त्या वेळी ग्रीसमध्ये लष्करी हुकूमशाही होती आणि या यशाचा टिळा तिने आपल्या कपाळी लावून घेतला. सत्ताधीशांना दुसऱ्याच्या घामाचा मळवट नेहमीच शोभतो, हे ओघाने आले.

पायरियस हे अथेन्सचे बंदर. तेथे 1925 मध्ये ऑलिम्पियाकोसची स्थापना झाली. पाच आंद्रियानोपुलोस बंधूंनी त्याची आघाडीची फळी गाजविली आणि गोदी कामगार, खलाशी, लहानसहान दुकानदार यांनी त्याला ‘दंतकथा’ हे नाव दिले. 2025 पर्यंत 48 वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकाविणाऱ्या या क्लबशी याबाबतीत कोणाचीच तुलना नाही. परंतु आम्हांस त्या 48 करंडकांहून निकोस गोदास या त्याच्या एका खेळाडूची आठवण मोलाची वाटते. आशिया मायनरहून आलेल्या निर्वासित कुटुंबातला हा तरुण जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार-लढ्यात लढला. पुढे यादवी युद्धाच्या काळात, 1948 साली, त्याला कोर्फूजवळच्या बेटावर गोळ्या घालण्यात आल्या. अंगावर ऑलिम्पियाकोसचा सदरा असावा ही त्याची शेवटची इच्छा होती. त्याची राजकीय मते कोणाला पटोत वा न पटोत.

त्याच क्लबच्या चाहत्यांवर 8 फेब्रुवारी 1981 रोजी काळाने घाला घातला. एईकेवर 6-0 असा विजय मिळाल्यावर आनंदाने बेभान होऊन 7 क्रमांकाच्या दाराकडे धावलेला जमाव पायऱ्यांवर कोसळला. 21 जण चिरडून मेले. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, 16 ऑगस्ट 1980 रोजी, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहनबागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात 16 प्रेक्षक दगावले होते. पायरियसच्या नव्या कराइस्काकिस क्रीडांगणात त्या 21 जणांसाठी तांबड्या खुर्च्यांच्या जागी काळ्या खुर्च्या बसविल्या आहेत आणि त्यांतून 7 हा आकडा उमटतो.

ज्या दोन शहरांभोवती हा सारा संसार फिरतो, त्यांच्याबाहेरचा एकच क्लब आजवर विजेता ठरला : 1988 साली थेस्सालीच्या मैदानी मुलुखातील लारिसा. थेसालोनिकीतील आरिसची शेवटची अजिंक्यता 1946 मधील. पाओकने 2019 साली एकही सामना न गमावता विजेतेपद मिळविले, हे मात्र नोंदविले पाहिजे. एईकेचा प्रवास तर डोळ्यांत भरण्याजोगा. कर्जात बुडालेला हा क्लब 2013 साली खाली घसरला, तिसऱ्या श्रेणीत जाऊन मुळापासून उभा राहिला आणि 2018 साली पुन्हा विजेता झाला. 2016 साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, त्या प्रसंगाशी हा प्रवास ताडून पाहण्यासारखा आहे. एईकेपाशी पैसा उरला नव्हता. तिसऱ्या श्रेणीतही पाठीशी उभी राहणारी वस्ती मात्र होती.

वस्तीच्या या निष्ठेला दुसरे, भेसूर तोंडही आहे. 2018 च्या मार्चमध्ये पाओकचे अध्यक्ष इव्हान साव्हिदिस कमरेला पिस्तूल लावून मैदानात उतरले आणि सरकारला लीग स्थगित करावी लागली. 2022 साली थेसालोनिकीत 19 वर्षांच्या एका मुलाचा, तो आरिसचा चाहता होता एवढ्या कारणावरून, रस्त्यात खून झाला. 2023 च्या ऑगस्टमध्ये नेआ फिलाडेल्फियातच झाग्रेबहून आलेल्या गुंडांच्या हल्ल्यात एईकेचा एक चाहता मारला गेला. डिसेंबरात तर व्हॉलीबॉलच्या सामन्यावेळी फेकलेल्या नळ्याने एका पोलिसाचा बळी घेतला. तेव्हा सरकारने दोन महिने सर्व लीग सामने रिकाम्या प्रेक्षागारासमोर खेळविले. मालकांच्या पेढीवर बोट न ठेवता प्रेक्षकांना शिक्षा करणारा तो उपाय आम्हांस अपुराच वाटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये दारे पुन्हा उघडली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, निर्वासितांनी वसविलेल्या नेआ फिलाडेल्फियात, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, पायरियसच्या माणसांनी तो करंडक उचलला.