बंधारे झाले, हिशेबनीस कोठे आहेत?

१९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात पाणी अडविण्याची कामे चालू आहेत. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर यांवर अमाप पैसा खर्च झाला. २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने त्यांत भर घातली. तथापि गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढविण्यात त्याला फारसे यश आले नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने काढला. दगडमाती कमी पडली नाही. कमी पडला तो हिशेब.

हा हिशेब दुर्बोध नाही. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टरांच्या शिवारात ४०० मिलिमीटर पडला, तर ४०० कोटी लिटर. त्यातले वाहिले किती, मुरले किती, उपसावे किती, हे मांडले की रब्बीत गहू की हरभरा, याचे उत्तर मिळते. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाच्या हिशेबावरच पिके ठरविते. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तेथे मनाई आहे.

हवामान बदलत असताना हे कौशल्य अपरिहार्य झाले आहे. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. जुन्या सरासरीवर आखलेला चर अशा वेळी वाहून जातो आणि विहीर मात्र रिकामीच राहते. म्हणून आराखडा दरवर्षी तपासला पाहिजे, आणि तो तपासणारा माणूस त्याच पाणलोटातला हवा. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पाण्याचा ताळेबंद हा ग्राम-आराखड्याचा पाया मानला, हे योग्यच झाले. परंतु प्रकल्पाची मुदत संपते, अधिकाऱ्यांची बदली होते, आणि ज्ञान फायलीत बंद होते.

आकडे मांडल्याने खोल कूपनलिका घेणारा धनिक थांबेल काय, असा प्रश्न विचारला जाईल. एकट्या आकड्याने तो थांबणार नाही, हे खरे. परंतु आकड्यावाचून ग्रामसभेला त्याच्यापुढे उभेच राहता येत नाही. यासाठी पाणलोटाच्या प्रत्येक योजनेतील ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असावा, विद्यार्थ्यांनी विहिरींची पातळी नोंदवावी, आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात कायम राहावी. बंधारा एका उन्हाळ्यात बांधता येतो. तो सांभाळणारी माणसे घडविण्यास वर्षे लागतात. ते काम आजच हाती घेतले नाही, तर पुढच्या दुष्काळातही सरकारला टँकरच मोजावे लागतील.