खांदेमळणी

श्रावण सरत येतो आणि अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी गावोगाव खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यावर लोणी-हळदीचा हात फिरतो आणि तो मुका जीव डोळे मिटून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, पुढ्यात पुरणपोळी. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. ज्याने कष्ट केले त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, एवढे साधे आणि एवढे थोर शहाणपण या सणात आहे.

यंदाही आपण पोळा साजरा करू. पण जेथे दावणीला दोन-दोन जोड्या असत, त्या कितीतरी घरांत आता पाटावर मातीचे बैल पुजले जातात. १९७०-७१च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. तेवढ्याशा रानाला जोडी परवडेनाशी झाली. याच काळात संकरित बियाणे आले, कृषी विद्यापीठे उभी राहिली, ऊस-सोयाबीनने शिवारे व्यापली. शेती वाढली, आणि १९७२च्या दुष्काळात खडी फोडणारे हात ज्यांनी पाहिले, त्यांना या वाढीचे मोल सांगावे लागत नाही. पण ज्याच्या बांधाला पाणी लागले त्याच्या घरी ही वाढ आधी पोचली. ज्याला बांधच नाही, त्याच्या वाट्याला उरली मजुरी. तीही आटते आहे. तणनाशक फवारले की निंदणीच्या बायांचा रोज बुडतो, यंत्र रानात शिरले की सोंगणीचा.

बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या आगेमागे कितीतरी दारांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको ऊसतोडीला निघतात आणि हिशेबात त्या जोडप्याला म्हणतात ‘कोयता’. बैलाला आपण सर्जा म्हणतो, राजा म्हणतो. येथे दोन माणसांची नावे एका हत्याराच्या नावात मिटून जातात.

आणि तरीही कष्टकऱ्याचा मान राखणे या मातीला नवे नाही. दुष्काळाने होरपळलेल्या याच महाराष्ट्राने १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. २००५मध्ये देशानेही तीच वाट धरली. टंचाईत सुचलेले शहाणपण सुबत्तेत विसरणे आपल्याला शोभणार नाही. गावातच हाताला काम, वेळेवर दाम, तोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांना अखंड शाळा, ही आपण करायची माणसांची खांदेमळणी. कोठारे भरली का, हे विचारताना भूमिहीनाच्या घरची कणगी भरली का, हेही विचारायला हवे.

खांदेमळणीच्या संध्याकाळी लोण्याची वाटी बहुधा सालगड्याच्याच हाती असते. बैलाचे घट्टे तो मायेने चोळत असतो. त्या वेळी आपण क्षणभर थांबून त्याच्या तळव्यांकडे पाहू या. घट्टे तेथेही आहेत.