सासऱ्याचे ऋण

आपल्या समाजात नात्यांची मापे शास्त्राने आणि रूढीने आखून दिली आहेत. पित्याच्या निधनाने पुत्राला दहा दिवसांचे अशौच येते, सासऱ्याच्या निधनाने जावयाला तीन दिवसांचे. चौथ्या दिवशी जावई स्नान करून मोकळा होतो आणि कामावर रुजू होतो. भेटीस आलेली मंडळी सासूबाईंचे सांत्वन करतात, मुलांच्या पाठीवरून हात फिरवतात. जावयाला मात्र ‘तेराव्याची व्यवस्था कशी काय?’ एवढेच विचारतात. त्याचेही कोणी गेले आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रूढीने मुदत ठरवली ती सुतकाची, शोकाची नव्हे. हा भेद आज विसरला गेला आहे.

तो विशेषकरून जाणवावा, असे मरण सध्या काही मराठी घरांत येत आहे. १९७१च्या युद्धात लढलेली पिढी सत्तरी ओलांडून पैलतीराकडे निघाली आहे. जवान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो, म्हणजे ऐन पस्तिशी-चाळिशीत त्याचा गणवेश उतरतो. त्यांतील काहींनी घरी बसण्याऐवजी दुसरा गणवेश चढवला, तो अग्निशमन दलाचा. सीमेवर शत्रू समोर असतो. इथे तो जिन्यात, पोटमाळ्यावर, धुराच्या लोटात दडलेला असतो.

या दुसऱ्या गणवेशाचे मोल मुंबईने फार मोठ्या किमतीला जाणले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. आग विझवायला गेलेल्यांपैकी ६६ अग्निशामक स्फोटांत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील इमारतीच्या आगीने मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी हिरावून नेले. संकटात वरिष्ठही पुढे असतात, हे या दलाने प्राण देऊन दाखवले. तरीही सैनिकाची पुण्याई सांगणारे आपण अग्निशामकाची आठवण आग लागल्यावरच काढतो.

असे दोन्ही गणवेश अंगावर वागवलेला माणूस घरात फार बोलत नाही. निजण्यापूर्वी गॅसच्या टाकीचा खटका आपल्या हाताने बंद करतो, नाट्यगृहात शिरताच बाहेर पडायचे दार पाहून ठेवतो, जिन्यात ठेवलेले सामान दिसले की शेजाऱ्याला निक्षून सांगतो. मुलांच्या वाट्याला येते ती त्याची शिस्त. मुलगा त्याच्यासमोर उभा राहतो तो शिपायासारखा, आणि बापालाही तेथे अधिकारी व्हावे लागते. जावई घरात येतो तो वयाने आणि मनाने मोठा होऊन. त्याच्यापुढे हा करडा माणूस एखाद्या संध्याकाळी मोकळा होतो. वाचवता न आलेल्या माणसाविषयी, परत न आलेल्या सोबत्याविषयी जे पोटच्या मुलाला सांगितले नाही, ते जावयाला सांगतो. जावयाला दहावा ग्रह म्हणून हसण्यावारी नेणाऱ्या समाजाने हे ध्यानी घ्यावे, की कित्येक घरांत बापाच्या आयुष्याचा एक मोठा भाग जावयाच्याच स्मरणात सुरक्षित असतो.

म्हणून सासरा गेल्यावर जावयावर ऋण उरते. पहिले ऋण स्मरणाचे. ऐकलेले त्याने मेहुण्यांना, नातवंडांना सांगावे, शक्य तर लिहून ठेवावे. दुसरे ऋण सेवेचे. लष्कराचे कागद वेगळे, महापालिकेचे वेगळे; कुटुंब निवृत्तिवेतन, बँक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंद, माजी सैनिकांसाठी २००३मध्ये सुरू झालेली आरोग्य योजना या साऱ्यांसाठी सासूबाईंसोबत रांगेत कोणीतरी उभे राहायला हवे. यावर आक्षेप येईल, की जावई सासरच्या घरात लक्ष घालू लागला तर लोक वाटणीचा वास घेतील. आक्षेप निराधार नाही. उपाय एकच, वाटणीच्या बैठकीत जावयाने बोलू नये आणि सेवेच्या कामात मागे राहू नये. तिसरे ऋण सावधपणाचे. निजताना टाकीचा तो खटका आता कोणी बंद करायचा, याचे उत्तर त्याने आपल्या कृतीने द्यावे.

विवाहात सासरा आणि जावई हे नाते जुळते ते अग्नीच्या साक्षीने. ज्याने आयुष्यभर आगीशी झुंज घेतली, त्याचा देहही अखेर त्याच अग्नीच्या स्वाधीन होतो. मंत्राग्नी देण्याचा अधिकार पुत्राचा. जावई चार पावले मागे उभा असतो. परंतु त्या साक्षीचे बंधन चितेबरोबर विझत नाही. तीन दिवसांनी सुतक फिटते, ऋण मात्र आचरणानेच फेडावे लागते.